रायबोसोमची जुळणी कोण करते?

पेशीच्या आकृतीत रायबोसोम म्हणजे नुसते ठिपके. फळ्यावर खडू टेकवत गेले की झाले. शेजारी ‘प्रथिननिर्मितीचे ठिकाण’ असे लिहून आपण पुढच्या भागाकडे वळतो. शिक्षकांच्या एका शिबिरात मात्र एका बाईंनी आम्हाला इथेच थांबवले. त्यांच्या वर्गातील एका मुलीने विचारले होते, “रायबोसोम प्रथिने तयार करतो, आणि त्याच्या स्वतःच्या अंगातही प्रथिने असतात. मग रायबोसोमची जुळणी कोण करते?”

प्रश्नाच्या अर्ध्या भागाचे उत्तर सोपे आहे. नव्या रायबोसोमसाठी लागणारी प्रथिने जुने रायबोसोम बनवतात. पेशी विभागताना प्रत्येक नव्या पेशीला जुन्या रायबोसोमचा वाटा मिळतोच. खरा प्रश्न पुढचा आहे. सुटे भाग तयार झाले, आता कोणता भाग कुठे बसवायचा हे कोण सांगते?

आधी हे सुटे भाग मोजू. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा रायबोसोम दोन तुकड्यांचा असतो. लहान तुकडा निरोप वाचतो, मोठा तुकडा अमिनो आम्ले एकमेकांना जोडतो. लहान तुकड्यात १५४२ न्यूक्लिओटाइडांचा आर.एन.ए.चा एक धागा आणि २१ वेगवेगळी प्रथिने असतात. भरपूर अन्न मिळाले तर हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे तेवढ्या वेळात असे हजारो रायबोसोम नव्याने जुळून तयार व्हावे लागतात.

परीक्षानळीतील जुळणी

१९६८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मासायासू नोमुरा आणि पीटर ट्राउब यांनी एक धाडसी प्रयोग केला. त्यांनी लहान तुकडा पूर्ण सुटा केला. आर.एन.ए. एका बाजूला, सगळी प्रथिने दुसऱ्या बाजूला. मग योग्य प्रमाणात क्षार घालून दोन्ही पुन्हा एकत्र केली आणि मिश्रण ४० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवले. तुकडा पुन्हा जुळला आणि कामही करू लागला! नळीत बाहेरचा कोणी कारागीर नव्हता. जुळणीची माहिती त्या भागांमध्येच होती.

पण कोणत्या भागात? त्यांनी आर.एन.ए. बदलून पाहिला. यीस्टचा आर.एन.ए. घातला तर काम करणारा तुकडा तयार होईना. मात्र उष्ण जागी वाढणाऱ्या बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या दूरच्या नात्यातील जिवाणूचा आर.एन.ए. घातला, तेव्हा ई. कोलायची प्रथिने त्यावर बसली आणि तुकडा कामाला लागला. या दोन जिवाणूंच्या आर.एन.ए.मधील अक्षरे जागोजागी वेगळी आहेत. मग प्रथिनांना आपली जागा सापडली कशी?

एक कागदी पट्टी

उत्तर वर्गात करून पाहता येईल. कागदाच्या पट्टीवर चौदा चौकोन आखा आणि त्यांत क्रमाने ही अक्षरे लिहा: जी, जी, सी, ए, सी, यू, यू, सी, जी, जी, यू, जी, सी, सी. आर.एन.ए.मध्ये जी समोर सी आणि ए समोर यू अशी जोडी जमते. पट्टी मधोमध वळवून पहिला चौकोन चौदाव्यासमोर, दुसरा तेराव्यासमोर आणा. पाच जोड्या जुळतील आणि मधली चार अक्षरे फासासारखी मोकळी राहतील. आर.एन.ए.चा एकेरी धागा स्वतःवरच असा दुमडतो आणि जोड्यांच्या भागात पिळदार दांडा तयार होतो.

आता तिसऱ्या चौकोनातील सी खोडून जी लिहा. जोडी मोडली. पण बाराव्या चौकोनातील जी खोडून तेथे सी लिहिले की जोडी परत जमते. अक्षरे दोन बदलली, घडी तीच राहिली. उत्क्रांतीत हेच पुनःपुन्हा घडले आहे. १९८०च्या सुमारास कार्ल वूझ, हॅरी नोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या जिवाणूंची अक्षरे शेजारी शेजारी ठेवली आणि अशा जोडीने झालेल्या बदलांवरूनच या लांब धाग्याच्या घड्यांचा नकाशा काढला. प्रथिने प्रामुख्याने ही घडण ओळखतात. काही ठिकाणी ठरावीक अक्षरेही लागतात, पण ती योग्य जागी आणून ठेवण्याचे काम घडीच करते.

आधी कोण, मग कोण

नोमुरांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. सगळी प्रथिने नुसत्या आर.एन.ए.वर बसत नाहीत. सहा प्रथिने थेट बसतात. बाकीच्यांना आधीची बसून व्हावी लागतात.

असे का, हे एस-१५ या प्रथिनावरून समजते. आर.एन.ए.चे तीन दांडे जेथे मिळतात तेथे ते बसते. ते येण्यापूर्वी हे दांडे एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर फाकलेले असतात. एस-१५ बसले की त्यांतील दोन दांडे एका सरळ रेषेत येतात आणि तिसरा एकाच्या बाजूला झुकतो. पसरलेल्या फांद्यांची जणू बेचकी होते. या नव्या आकारात एस-६ आणि एस-१८ या जोडीला बसण्यासारखी जागा तयार होते. म्हणजे आर.एन.ए.ची घडी प्रथिनाला जागा दाखवते, आणि बसलेले प्रथिन घडी बदलून पुढच्याची जागा तयार करते. २००० साली वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने लहान तुकड्याची अणूंपर्यंतची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा ही बेचकी आणि तिच्यात बसलेली प्रथिने स्पष्ट दिसली.

नोमुरांच्या नळीला ऊब का लागली, हेही आता कळते. थंड मिश्रणात काही प्रथिने बसतात आणि काम अडते, कारण धागा चुकीच्या किंवा अर्धवट घडीत अडकून पडतो. उष्णतेने तो सैल होतो आणि नीट दुमडतो. पेशीत तापवण्याची सोय नाही. तेथे धागा तयार होत असतानाच त्याचे पुढे आलेले टोक दुमडू लागते, आणि काही मदतनीस प्रथिने चुकलेल्या घड्या सोडवतात. ही प्रथिने काम आटोपून निघून जातात. तयार रायबोसोममध्ये ती सापडत नाहीत.

एक भाग कमी पडला तर

ही जुळणी बिघडली तर काय होते, ते माणसातही दिसते. डायमंड-ब्लॅकफॅन नावाचा एक दुर्मिळ रक्तक्षय बहुधा तान्ह्या वयातच लक्षात येतो. मुलाच्या अस्थिमज्जेत तांबड्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. १९९९ साली अशा काही रुग्णांत रायबोसोमच्या लहान तुकड्यातील एका प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते. तरीही ते प्रथिन कमी पडते, लहान तुकड्याची जुळणी अपुरी राहते आणि बाळ फिकट पडत जाते.

तेव्हा त्या मुलीला काय सांगावे? रायबोसोमला मुकादम लागत नाही. जुळणीचा आराखडा मुख्यतः आर.एन.ए.च्या घडीत असतो, प्रथिने तो टप्प्याटप्प्याने पक्का करत जातात, आणि मदतनीस अडलेले काम सोडवतात. ‘आर.एन.ए. म्हणजे डी.एन.ए.चा निरोप्या’ हे आपण फळ्यावर लिहितो. ते खोटे नाही, पण ते एका प्रकारच्या आर.एन.ए.पुरतेच खरे आहे. पेशीतील आर.एन.ए.चा सर्वांत मोठा वाटा रायबोसोममध्ये असतो, आणि तो निरोप नेत नाही, रचना उभी करतो. पुढच्या वेळी आकृतीत ठिपके काढताना एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतील. कागदी पट्टी असली तर मुले ते आपल्या हातांनीच करून पाहतील.