मुदतपूर्व बाळाच्या आईवडिलांशी बोलणे हाही उपचारच

दारासुरम् (कुंभकोणम, तामिळनाडू) : रेशमाचे माग आणि ऐरावतेश्वर मंदिर यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात एखादे मूल सातव्या महिन्यातच जन्मले, तर त्याला आधी लगतच्या कुंभकोणमला आणि प्रकृती फारच नाजूक असल्यास सुमारे ४० किलोमीटरवरील तंजावरला हलवावे लागू शकते. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली आई मागे राहते, बाळ पुढे जाते. दोन रुग्णालयांत धावणारा बाप आईला फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतो. तिला धक्का बसू नये हा त्याचा हेतू. पण काहीच न कळलेली आई वाईटात वाईट तेच गृहीत धरते. म्हणून आईवडील दोघांशी थेट बोलणे आणि आई दूर असल्यास तिला फोनवर बाळ दाखवणे, ही नवजात अतिदक्षता कक्षाची पहिली जबाबदारी ठरते.

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ मुदतपूर्व मानले जाते. ‘लॅन्सेट’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतात.

दारासुरम् परिसरातील अनेक विणकर कुटुंबांत सौराष्ट्री बोलली जाते, तंजावर भागात आजही मराठी बोलणारी घरे आहेत. बाहेरचा व्यवहार तमिळमध्ये आणि रुग्णालयाचे कागद बहुधा इंग्रजीत. ‘सॅच्युरेशन’, ‘सेप्सिस’ हे शब्द यांपैकी कोणत्याच घरातले नव्हेत. पालकांनी मान डोलावली म्हणजे त्यांना समजले असे होत नाही. ‘घरी आजीने विचारले तर काय सांगाल?’ एवढा साधा प्रश्न केला, तरी किती पोहोचले ते उमगते.

आईच्या मनातला पहिला प्रश्न बहुधा ‘माझे काय चुकले?’ हा असतो. तिने तो विचारण्याची वाट पाहू नये. अकाली प्रसूतीचे नेमके कारण अनेकदा सापडतच नाही, हे तिला आणि सासरच्या मंडळींसमोरही स्पष्ट सांगितले पाहिजे. आठव्या महिन्यातल्या बाळापेक्षा सातव्यातले बरे, हा समज अनेक ठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो.

‘काळजी करू नका’ हे वाक्य मात्र फारसे कामाचे नाही. पहिल्या आठवड्यात अशा बाळाचे वजन थोडे घटते, हे आधीच सांगून ठेवले तर तराजूवरचा आकडा पाहून आई खचत नाही. यंत्राची शिटी वाजली की प्रत्येक वेळी संकटच असते असे नाही. कधी पायाला लावलेली तार सैल झालेली असते. आणि धोका खरा असेल, तर तोही उभ्या उभ्या, जाता जाता सांगण्याचा विषय नव्हे. बसून, बाळाचा उल्लेख ‘पेटी क्रमांक चार’ असा न करता, आज काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि पुन्हा केव्हा बोलू, हे सांगावे.

पालकांना काचेबाहेर उभे न ठेवता शुश्रूषेत सामील करून घेतले, की संवाद आपोआप सुधारतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागातून नवजात शुश्रूषेची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. बाळाला उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत वडीलही अवलंबू शकतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली, ती अशाच बाळांच्या गरजेतून. ‘यंत्र श्वासाला मदत करील, दूध तुमचेच उत्तम’ हे ऐकलेल्या आईला करण्यासारखे काही तरी हाती लागते.

सर्वांत महाग पडणारी चूक घरी सोडताना होते. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. फारच लहान बाळांची त्याही आधी. हा दोष बाहेरून दिसत नाही, वेळेत उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. तोपर्यंत बाळ दूध पिऊ लागलेले असते, वजन वाढत असते, आणि ‘आता तर छान आहे’ म्हणून पुन्हा शहरात जाणे टळते. त्यामुळे ‘महिन्याने या’ असे मोघम न सांगता तारीख, वार, ठिकाण आणि न आल्यास काय गमवावे लागेल, हे आईवडिलांच्या भाषेत सांगावे, कागदावर ठळक लिहून द्यावे आणि तपासणीच्या आदल्या दिवशी एक फोन करावा.