डोळ्यांविषयीचा एक शेरा

गेल्या वर्षी माझा चोवीस वर्षांचा भाचा चष्म्याचा नंबर काढावयास बंगळुरातील एका नेत्रतज्ज्ञांकडे गेला आणि ‘डोळ्याचा मज्जातंतू नेहमीसारखा दिसत नाही’ एवढा शेरा घेऊन परतला. दृष्टी स्वच्छ होती, वेदना नव्हती; पण आमच्या ताईची झोप उडाली.

या शेऱ्याचा अर्थ काय? डोळ्याच्या पडद्यावरून निघालेले सुमारे दहा-बारा लक्ष तंतू एकत्र होऊन मेंदूकडे जातात. ते जेथून बाहेर पडतात, तेथे दीड मिलिमीटर व्यासाची फिकट नारिंगी चकती दिसते आणि तिच्या मध्यभागी खळगा असतो. १८५१ साली हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक बनविला, तेव्हापासून ही चकती वैद्यांना सहज पाहता येऊ लागली.

परंतु चेहऱ्यांप्रमाणे चकत्याही निरनिराळ्या असतात. चकती मोठी असली की खळगाही मोठा दिसतो. जवळचेच दिसणाऱ्याची चकती तिरकी असू शकते. कोणाच्या चकतीत चुन्याचे कण साठून सूज असल्याचा भास होतो. उलट, खरी सूज मेंदूभोवतीचा दाब वाढल्याची खूण असू शकते. फिकटपणामागे क्षयावरील एथॅम्ब्युटॉल किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. वाढत जाणारा खळगा काचबिंदूचा असतो आणि मनानेच दीर्घकाळ घातलेले स्टेरॉइडचे थेंब तरुणालाही तो जडवू शकतात.

म्हणून केवळ दिसण्यावरून निर्णय होत नाही. भाच्याची रंगांची ओळख, प्रकाशाने आकसणाऱ्या बाहुल्या, डोळ्यातील दाब आणि दृष्टीचे क्षेत्र तपासले. ओसीटी यंत्राने तंतूंच्या थराची जाडी मोजली. चकतीचे छायाचित्र घेतले. मग तज्ज्ञांनी ताईचेही डोळे पाहिले. तिचीही चकती तशीच मोठी, खळगा तसाच. आणि दृष्टी पन्नाशीनंतरही शाबूत! यंदाचे छायाचित्र गतवर्षीच्या छायाचित्राशी ताडून पाहिले, तेव्हा काहीच बदललेले नव्हते. तरीही दरवर्षीची तपासणी सुटलेली नाही.

मात्र डोकेदुखी व उलट्या, क्षणभर डोळ्यांपुढे येणारा अंधार, डोळा हलविताना होणारी वेदना, लाल रंग फिका वाटणे किंवा एकाएकी मंदावलेली दृष्टी, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये. बंगळुरात १८९६ पासूनचे मिंटो नेत्ररुग्णालय आहे; आपल्या जिल्ह्यातही रुग्णालय असेलच. त्याच दिवशी जावे.

दप्तरात एका शेऱ्यावर निकाल देता येत नाही. मागची फाइल मागवावी लागते. डोळ्यांचीही अशी फाइल तरुणपणीच उघडलेली बरी.