गाडी पाणी मागते, पण ते पाणी जातंय कुठं? जुन्या ट्रकचं कूलिंग घरच्या घरी असं तपासा

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर एक चित्र हमखास दिसतं. चढाला उसानं भरलेला जुना ट्रक बॉनेट उघडून उभा, रेडिएटरमधून वाफ आणि क्लिनर कॅन घेऊन विहिरीकडे निघालेला. पाणी ओतलं की गाडी निघते, पुढच्या चढाला पुन्हा तापते. "जुनी गाडी आहे, पाणी खायचीच," असं म्हणून हंगाम काढला जातो आणि ऐन भरात हेड गॅस्केट उडतं.

खरं तर रेडिएटरचं पाणी संपण्यासाठी नसतं. तेच पाणी फिरत राहतं. रोज पाणी ओतावं लागत असेल, तर ते कुठून तरी जातंय. ती जागा सापडेपर्यंत दुरुस्ती झाली असं समजू नये.

टेल्कोनं १९५४ पासून जर्मन कंपनीच्या सहकार्यानं जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनवले. १९६९ ला करार संपला, समोरचा तारा जाऊन 'टी' आला. त्यानंतरच्या १२१० सारख्या गाड्यांनी खेड्यापाड्यांतला माल वाहिला. त्यांच्या कूलिंगमध्ये कॉम्प्युटर नाही, सेन्सरचं जाळं नाही. डोळे आणि हात वापरले तर बहुतेक बिघाड मालकाला स्वतःलाच सापडतो.

पाणी फिरतं कसं?

पंप इंजिनात पाणी ढकलतो. तिथली उष्णता घेऊन ते वरच्या होज पाईपनं रेडिएटरमध्ये येतं, पंख्याच्या वाऱ्यानं थंड होतं आणि खालच्या पाईपनं परत पंपाकडे जातं. मधे थर्मोस्टॅट असतो. इंजिन गरम होईपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो.

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. प्रेशरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. ७ पौंडांच्या झाकणानं उकळण्याची पातळी साधारण १० अंशांनी वर जाते. उलट मोकळं पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की घाटात पाणी लवकर उकळून बाहेर फेकलं जातं. मिळेल ते झाकण बसवू नये. जुन्यावर दाबाचा जो आकडा आहे, त्याच आकड्याचं घ्यावं.

पाणी जाण्याच्या तीन वाटा

पहिली, बाहेर गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी डाग बघा. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून थेंब पडत असेल तर पंपाचं सील गेलं. ते भोक एम-सील लावून बुजवू नका, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. होज पाईप थंड असताना दाबून बघा. फुगलेला, चिरलेला किंवा हाताला फार मऊ लागणारा बदला.

दुसरी, झाकणातून. झाकणाच्या कडेला पांढरे-तांबूस क्षार दिसले की ओळखावं.

तिसरी वाट सगळ्यात महागाची, ती म्हणजे इंजिनच्या आत. थंड गाडीचं झाकण काढून इंजिन चालू करा. रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत राहिले, ऑइल दुधाळ झालं किंवा गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबेना, तर गॅस्केट किंवा हेडचा संशय घ्या. अशी गाडी खेपेला न नेता मिस्त्रीकडे न्यावी.

पाणी कमी होत नाही, तरी तापते?

मग आधी वाऱ्याची वाट बघा. उसाचं पाचट, धूळ आणि किडे रेडिएटरच्या पात्यांत अडकतात. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेनं धुवा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यानं पाती वाकतात. फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त ढिला असेल तर तो घसरतो आणि पंखा व पंप दोन्ही मंदावतात. पंख्याभोवतीचा पत्रा काढून टाकला असेल तर परत बसवा. तो नसेल तर पंखा इंजिनकडचीच गरम हवा फिरवतो.

हे सगळं ठीक असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की चहाच्या पातेल्यासारखा क्षाराचा थर नळ्यांत बसतो. तो रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्यावा. पुढं बोअरचं पाणी टाळून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरावं. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नये. ऐन वेळी काहीच नसेल तर स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी बोअरपेक्षा बरं.

एक काळजी मात्र घ्या. बऱ्याच कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट गोठ्याजवळ, ओढ्यात किंवा उघड्या बादलीत ठेवू नका.

थर्मोस्टॅट काढू नका

"तापते ना, मग थर्मोस्टॅटच काढून टाक," हा सल्ला सर्रास मिळतो. त्यानं इंजिन हव्या त्या तापमानाला येत नाही, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. काही इंजिनांत तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं आणि चढाला गाडी आणखी तापते. संशय असेल तर तो काढून गरम पाण्याच्या भांड्यात धरा. त्यावर लिहिलेल्या तापमानाला उघडला नाही तर नवा बसवा.

घाटात काटा चढला तर

आधीच एक गिअर खाली घ्या. इंजिनचे फेरे वाढले की पंखा आणि पंपही जोरात फिरतात. तरी काटा चढत राहिला तर बाजूला घेऊन थांबा, चाकांना दगड लावा. बेल्ट शाबूत आणि पाणी आत असेल तर दोन-चार मिनिटं इंजिन मंद चालू ठेवा. बेल्ट तुटला किंवा पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. काटा चढून अचानक खाली आला तर खूश होऊ नका. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की काटा खोटं बोलतो.

गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा पाईप हाताला सहन होईल इतका निवाल्यावर, जाड ओलं पोतं टाकून, तोंड बाजूला ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. वाफ पूर्ण गेल्यावरच काढा. मग इंजिन मंद चालू ठेवून थोडं थोडं पाणी घाला. तापलेल्या बिडाच्या हेडवर विहिरीचं गार पाणी एकदम पडलं तर तडा जातो.

रोज सकाळी, गाडी चालू करण्याआधी पाण्याची पातळी, बेल्ट, पाईप आणि खालचा पुठ्ठा बघायला पाच मिनिटं लागतात. किती पाणी घातलं ते डायरीत लिहून ठेवा. आकडा वाढायला लागला की मोळी भरायच्या आधीच मिस्त्री गाठा. झाकण, बेल्ट, पाईप यांचा खर्च हेडच्या कामापुढं किरकोळ आहे, आणि गाडी उभी राहिली तर बुडणाऱ्या खेपा कुणी भरून देत नाही.