काटकसरीचा कारखाना : सुझुकी आणि गुडगाव

सुझुकी मोटर ही कंपनी जपानची, पण तिच्या निम्म्याहून अधिक मोटारी भारतात विकल्या जातात. टोयोटा किंवा होंडाच्या तुलनेत तिचे नाव जगात फारसे मोठे नाही. अमेरिकेतून तिने २०१२ मध्ये गाशा गुंडाळला आणि चीनमधून २०१८ मध्ये. भारतात मात्र चाळीस वर्षे ती पहिल्या क्रमांकावर आहे. तिचे इथले बस्तान दिल्लीच्या वेशीवर, हरियाणातल्या गुडगावात बसले. तिच्या इथल्या लौकिकाची आणि तिच्यावर येणाऱ्या ठपक्यांचीही पाळेमुळे तिथेच सापडतात.

कंपनीची सुरुवात मोटारींनी झाली नाही. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये जपानच्या हमामात्सु गावात हातमाग-यंत्रमागांचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर कापडधंदा बसला तेव्हा कंपनी इंजिनांकडे वळली. १९५२ मध्ये तिने सायकलला जोडायचे छोटे इंजिन बाजारात आणले आणि १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही ३६० सीसीची मोटार. जपानी सरकारने छोट्या गाड्यांसाठी करसवलतीचा ‘केई’ नावाचा वेगळा वर्ग ठरवला होता. लांबी, रुंदी आणि इंजिन या तिन्हींवर मर्यादा घालून देणाऱ्या या चौकटीत कंपनी वाढली. एवढ्याशा जागेत चार माणसे बसवायची, पत्रा कमीत कमी वापरायचा आणि किंमत खाली ठेवायची, हेच तिचे शास्त्र झाले.

ते शास्त्र टोकाला नेले ओसामु सुझुकी यांनी. सुझुकी घराण्यात ते जावई म्हणून आले आणि सासरचे नाव लावून १९७८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ४ लाख ७० हजार येन किमतीची ‘आल्टो’ काढली. कर वाचावा म्हणून ती मालवाहू गाडी या वर्गात नोंदवली होती. भाव इतका कमी की तिच्यावर उड्या पडल्या. स्वतःची ओळख ते ‘छोट्या कंपनीचा म्हातारा मालक’ अशी करून देत. सुट्या भागांवर एकेक येन वाचवण्याचा त्यांचा आग्रह जपानी उद्योगात चेष्टेचाही विषय होता आणि आदराचाही.

गुडगावातली जागा मात्र सुझुकीने निवडलेली नव्हती. ती आधीच ठरलेली होती, आणि तिच्यामागे एक बदनाम इतिहास होता. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉईसच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेल्या संजय गांधींनी दिल्लीच्या गुलाबी बाग या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये ‘जनतेच्या मोटारी’ची खटपट सुरू केली होती. सरकारकडून त्यांना वर्षाला ५० हजार गाड्या बनवण्याचा परवाना मिळाला आणि १९७१ मध्ये मारुती मोटर्स स्थापन झाली. हरियाणाचे मुख्यमंत्री बन्सीलाल यांच्या सरकारने गुडगावजवळची सुमारे ३०० एकर जमीन दिली. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या मुलाला हे सगळे कसे मिळाले, यावर संसदेत वादळ उठले. बाजारात नेण्याजोगी गाडी काही कंपनीला जमली नाही. १९७८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कंपनी गुंडाळली गेली आणि न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता आयोगाने तिच्या व्यवहारांची चौकशी केली. जून १९८० मध्ये संजय गांधींचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि त्याच वर्षी सरकारने कायदा करून कंपनीची मालमत्ता ताब्यात घेतली.

फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी जन्माला आली. भेल या सरकारी कंपनीचे प्रमुख राहिलेले व्ही. कृष्णमूर्ती आणि सनदी अधिकारी आर. सी. भार्गव यांच्याकडे तिचे काम आले. त्या काळी देशात वर्षाला चाळीसेक हजार मोटारी बनत. कोलकात्याजवळची ॲम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, एवढाच काय तो बाजार. दोन्ही गाड्यांचे आराखडे पन्नास-साठच्या दशकांतले होते. नव्या कंपनीला परदेशी भागीदार हवा होता. फ्रान्सच्या रेनॉपासून अनेकांशी बोलणी झाली. जपानच्या मोठ्या कंपन्यांनी उत्साह दाखवला नाही. समाजवादी देश, सरकारी भागीदार आणि मोटारींना गिऱ्हाईक जेमतेम, असा त्यांचा हिशेब होता. ओसामु सुझुकींनी हिशेब वेगळा मांडला. जपानमध्ये टोयोटा-निस्सानच्या पुढे जाणे शक्य नाही, तेव्हा जगात कुठेतरी पहिला नंबर मिळवायचा. कंपनीच्या जवळपास वर्षभराच्या कमाईइतकी रक्कम त्यांनी भारतात घातली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला आणि २६ टक्के भांडवल सुझुकीचे ठरले.

१४ डिसेंबर १९८३ रोजी, संजय गांधींच्या जन्मदिनी, इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली सोडतीत निवडलेल्या एका गिऱ्हाइकाच्या हाती दिली. ते इंडियन एअरलाइन्सचे कर्मचारी होते. किंमत होती ४७,५०० रुपये. दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी आधीच नाव नोंदवले होते. ती पहिली गाडी मालकाने शेवटपर्यंत विकली नाही. पुढे ती दुरुस्त करून कंपनीने मुख्यालयात ठेवली.

गाडी अगदी साधी होती. तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन, चार गिअर, बारा इंची चाके आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. ॲम्बॅसडरवाल्यांनी तिला खेळणे म्हणून हिणवले. पण थंडीच्या सकाळी ती पहिल्या किल्लीला सुरू होई, क्लच पायाला हलका लागे आणि महिन्यातून दोनदा तिला मिस्त्रीकडे न्यावे लागत नसे. मोटार चालवायला ड्रायव्हर ठेवलाच पाहिजे, ही समजूत या गाडीने मोडली. शहरांतून स्त्रिया स्वतः गाडी चालवताना दिसू लागल्या, त्यातही तिचा वाटा मोठा आहे.

तरीही गुडगावात घडलेली खरी क्रांती गाडीची नव्हती, कामाच्या पद्धतीची होती. सरकारी कारखान्यात साहेबाची केबिन वेगळी, जेवणाची जागा वेगळी आणि हजेरीची वेळही वेगळी असे. इथे व्यवस्थापकीय संचालकापासून कामगारापर्यंत सगळ्यांना एकच गणवेश, एकच कॅन्टीन आणि भिंती नसलेले कार्यालय. पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांनी व्यायाम करायचा. रांगेत ताट घेऊन उभे राहणे सुरुवातीला बऱ्याच अधिकाऱ्यांच्या पचनी पडले नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा बदल सुट्या भागांचा. सुरुवातीला जवळपास सगळा माल जपानहून येई आणि इथे फक्त जोडणी होई. ठरावीक मुदतीत तो भारतात बनवण्याची सरकारी अट होती. जुन्या पुरवठादारांचा माल जपानी मापाला उतरेना. तेव्हा मारुतीने स्वतः थोडे भांडवल घालून, जपानी कंपन्यांशी गाठ घालून देऊन नवे कारखाने उभे करवले. पत्र्याच्या भागांसाठी जय भारत मारुती, आसनांसाठी भारत सीट्स, स्टिअरिंगसाठी सोना, काचेसाठी बावलला ‘असाही इंडिया’ आणि वातानुकूलनासाठी नोएडात सुब्रोस. साठा कमी ठेवायचा आणि माल लागेल तेव्हाच मागवायचा, ही पद्धत चालायची तर पुरवठादार जवळ असणे भाग होते. त्यामुळे गुडगाव, फरिदाबाद, मानेसर, धारुहेडा, बावल असा कारखान्यांचा पट्टा तयार झाला. गुडगाव म्हटले की आज काचेच्या इमारती आणि सॉफ्टवेअर कंपन्या डोळ्यांपुढे येतात. त्या आल्या नंतर; त्यांच्या आधी इथे पत्रा ठोकण्याचा आवाज होता.

नव्वदच्या दशकात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोटारींतल्या आठेक मारुतीच्या असत. ओम्नी, जिप्सी, झेन आणि एस्टीम अशी मालिका झाली. १९९२ मध्ये सुझुकीचा हिस्सा ५० टक्क्यांवर गेला आणि मालक कोण, हा प्रश्न उभा राहिला. १९९७ मध्ये व्यवस्थापकीय संचालकाच्या नेमणुकीवरून सरकार आणि सुझुकी यांचे भांडण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत पोहोचले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. नेमक्या त्याच वर्षी ह्युंदाईची सँट्रो आणि टाटांची इंडिका आली. २०००-०१ मध्ये मारुतीला पहिल्यांदा तोटा झाला, गुडगावात मोठा कामगार संघर्षही त्याच सुमारास पेटला. २००२ मध्ये कंपनीवरचा ताबा सुझुकीकडे गेला, २००३ मध्ये १२५ रुपयांनी शेअर जनतेला विकले गेले आणि २००७ मध्ये सरकार पूर्णपणे बाहेर पडले. कंपनीचे नाव मारुती सुझुकी झाले. २००५ च्या स्विफ्टने तरुण गिऱ्हाईक परत आणले.

लौकिकाची दुसरी बाजू मानेसरच्या कारखान्यात दिसली. तो २००७ मध्ये रीतसर सुरू झाला. तिथे कायम कामगारांच्या बरोबरीने तेच काम करणारे कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने होते, आणि त्यांचा पगार बराच कमी होता. चहाची सुट्टी साडेसात मिनिटांची. तेवढ्यात जोडणीच्या साखळीपासून दूर जाऊन लघवी, चहा, नाश्ता उरकून परत जागेवर हजर व्हायचे, ही तक्रार २०११ च्या संपात देशभर गाजली. स्वतंत्र युनियनची मागणीही होती. १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार झाला, कारखान्यात आग लागली, मनुष्यबळ विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. महिनाभर टाळेबंदी राहिली. शेकडो कायम कामगारांना काढून टाकण्यात आले. २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या १३ जणांना जन्मठेप दिली; ११७ जण निर्दोष सुटले, पण त्यांतल्या अनेकांची बरीच वर्षे तुरुंगात गेली होती. सेकंदांचा हिशेब ठेवणारी पद्धत एका कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवते, पण माणसाकडून किती काम काढायचे याला ती आपणहून मर्यादा घालत नाही.

गिऱ्हाइकांचा ठपका वेगळा आहे, तो पातळ पत्र्याचा. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा भारतीय गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न, आणि मारुतीने ‘कितना देती है’ अशी जाहिरातच त्यावर बेतली होती. पेट्रोल वाचवायचे तर वजन कमी करावे लागते. त्याची किंमत सुरक्षिततेत मोजली जाते, असे टीकाकार म्हणत आले. २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचण्यांत एअरबॅग नसलेल्या आल्टो ८०० आणि स्विफ्टला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. दशकभरानंतर, २०२४ मध्ये, नव्या डिझायरने पाच तारे मिळवले. मारुतीची ती पहिलीच पंचतारांकित गाडी. म्हणजे तंत्र येत नव्हते असे नाही, गिऱ्हाईक आणि कायदा मागेपर्यंत त्यावर खर्च करायचा नव्हता. जपानमध्येही २०१६ मध्ये मायलेज मोजण्याची विहित पद्धत पाळली नसल्याची कबुली सुझुकीला द्यावी लागली, आणि ओसामु सुझुकींनी मुख्य कार्यकारी पद सोडले.

असे असूनही कितीही आडगावी गेले तरी मारुतीचा मिस्त्री भेटतो, सुटे भाग स्वस्तात मिळतात आणि जुन्या गाडीला भाव येतो. पहिली गाडी घेणाऱ्या मध्यमवर्गाला या तीन गोष्टी ताऱ्यांपेक्षा जवळच्या वाटतात. दिल्लीच्याच परिसरात होंडाने ग्रेटर नोएडात उभारलेला कारखाना २०२० च्या अखेरीस बंद झाला, हे लक्षात घेतले तर नुसते जपानी असणे पुरेसे नव्हते, हेही कळते.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. ओसामु सुझुकी २५ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी गेले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. गुडगावचा कारखाना आता शहराच्या मधोमध अडकला आहे, ट्रक हलवायला जागा नाही. म्हणून सोनिपत जिल्ह्यातल्या खरखोद्यात ८०० एकरांवर नवा कारखाना उभा राहतो आहे आणि २०२५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत गुडगावात बनलेली पाच दारांची जिम्नी सुझुकीने जपानच्या बाजारासाठी जाहीर केली. चार दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला बुकिंग थांबवावे लागले.