अंबरनाथच्या पिनकोडला भागच जात नाही!

421501. अंबरनाथच्या असंख्य पत्त्यांखाली लिहिला जाणारा हा पिनकोड चक्क मूळ संख्या आहे! म्हणजे 1 आणि ती स्वतः, एवढे दोनच विभाजक. आता याची खात्री करू आणि अंबरनाथच्या रेल्वेमार्गावरच्या शेजारच्या शहरांचे पिनकोडही तपासूया.

खात्री कशी करायची?
421501 चं वर्गमूळ 649 च्या किंचित पुढे. म्हणून 649 पर्यंतच्या 118 मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. एकीनेही भाग जात नाही. 281 ने तर जेमतेम 1 बाकी उरते!

एकुलती एक जोडी
4 ने भागल्यावर 1 उरणारी कुठलीही मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, तीही एकाच रीतीने. सतराव्या शतकात गणितज्ञ फर्माने हे सांगितलं, पुढे ऑयलरने सिद्ध केलं. अंबरनाथची जोडी: 74² + 645².

उल्हासनगर: पाचही पिनकोड संयुक्त
421001 ला 7 ने भाग जातो, 421002 आणि 421004 सम, 421005 ला 5 ने. आणि 421003? एकाआड एक अंक मिळवा: 4+1+0 = 5, 2+0+3 = 5. बेरजा सारख्या, म्हणजे 11 ने भाग जाणारच.

बदलापूर थोडक्यात हुकलं
421503 मूळ असती, तर अंबरनाथशी तिची जोडमूळ जोडी जमली असती. पण अंकांची बेरीज 15, म्हणून 3 ने भाग जातो. अलीकडच्या 421499 ला 13 ने जातो. अंबरनाथ एकटंच!

कल्याणची कमाल
421301 = 601 × 701, आणि दोन्ही मूळ! गुणाकार सोपा, पण उलट अवयव शोधणं कठीण. शेकडो अंकी संख्यांच्या याच अडचणीवर 1977 ची आरएसए ही गुप्तलेखन पद्धत उभी आहे.

डोंबिवली आणि कापरेकर
देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांना एका संख्याप्रकाराची कल्पना सुचली ती जुन्या जीआयपी रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकात. म्हणून त्या संख्या झाल्या 'डेमलो संख्या': 11² = 121, 111² = 12321. 11, 111 अशा नुसत्या 1 या अंकाच्या संख्यांत पहिली मूळ संख्या 11, त्यानंतरची थेट एकोणीस एकांची. डोंबिवलीच्या 421201 लाही 11 ने भाग जातो!

पिनकोडचे जनक
ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्यामुळे. ते संस्कृत कवीही होते.

सापडलेली सगळ्यांत मोठी मूळ संख्या कोणती?
ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालेली 2¹³⁶²⁷⁹⁸⁴¹ − 1. अंक 4,10,24,320! पण मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने केव्हाच दाखवून दिलंय.

एवढ्या मोठ्या संख्येला संगणकच लागतो. सहा अंकांना वही-पेन पुरतं. या आकाराच्या संख्यांत सरासरी तेरांमागे एक मूळ निघते. तुमचा पिनकोड त्यात बसतो का, आजच भागून बघा.