मॅनहॅटनला १५, मग मुंबईला का नाही?

आज नगररचना योजनांकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो आहे. टीडीआरवरच्या (बांधकामाच्या हस्तांतरणीय हक्कांवरच्या) लेखानंतर बोरिवलीच्या एका वाचकांनी असा प्रश्न विचारला आहे, की त्याला बगल देऊन पुढे जाणं बरोबर नाही. ते विचारतात, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १५ एफएसआय चालतो, मग मुंबईत तीन-चारचा विषय निघाला तरी तुम्हाला काळजी का वाटते?

आधी एक हिशेब करू. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम, तो आकडा. एक हेक्टरचा प्लॉट, एफएसआय ३. म्हणजे ३०,००० चौरस मीटर बांधकाम. जिने, लिफ्ट वगैरे बाजूला ठेवू. त्यात १५० चौरस मीटरचे फ्लॅट काढले तर २०० घरं होतात. घरटी चार माणसं धरली तर ८०० लोक. तेवढ्याच बांधकामात ३० चौरस मीटरची घरं काढली तर १,००० घरं आणि घरटी पाच माणसं धरली तर ५,००० लोक. एफएसआय दोन्हीकडे ३च. पण गेटबाहेरच्या रस्त्यावर, बसथांब्यावर, शाळेच्या वर्गात, पाण्याच्या लाइनीवर पडणारा भार सहापट वेगळा.

हा मुद्दा शिरीष पटेल यांनी जितका नेटका मांडला, तितका दुसऱ्या कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलाचा आराखडा करणारे इंजिनिअर ते हेच. १९६५ साली चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर ‘मार्ग’ या नियतकालिकातून नवी मुंबईची कल्पना मांडणारेही हेच. २००७ साली सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी एफएसआयऐवजी गर्दी मोजायला सांगितलं: घरातली गर्दी, रस्त्यावरची गर्दी, बागेतली गर्दी, सार्वजनिक सोयींवरची गर्दी. दर माणशी घरात किती जागा, आणि दाराबाहेर किती? शहर राहण्याजोगं आहे की नाही, हे या दोन आकड्यांवरून कळतं. एफएसआय फक्त प्लॉटच्या आत पाहतो. कुंपणाबाहेर काय आहे, याची त्याला खबरच नसते.

आता मॅनहॅटन. तिथल्या रस्त्यांचं जाळं १८११ साली कागदावर आखलं गेलं, तेव्हा बेटाचा बराचसा भाग शेतं आणि टेकड्यांचा होता. उभे अॅव्हेन्यू १०० फुटी, आडव्या गल्ल्या बहुतेक ६० फुटी. इमारती उंच होण्याच्या कितीतरी आधी रस्त्यांची जागा ठरून गेली होती. तरीही १९१५ साली ब्रॉडवेवर प्लॉटच्या जवळजवळ ३० पट बांधकाम असलेली इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, शेजाऱ्यांचा उजेड गेला, आणि पुढच्याच वर्षी शहराला इमारतींच्या आकारावर बंधनं घालावी लागली. एफएसआयसारखी मर्यादा तिथे १९६१ साली आली. ज्या १५चा दाखला दिला जातो, तो मुख्यतः सर्वांत दाट व्यापारी भागातल्या कार्यालयांसाठी होता; राहत्या इमारतींसाठी तो कमी होता. शिवाय तिथल्या माणसाच्या वाट्याला येणारी घरातली जागा मुंबईकराच्या कैक पट. म्हणून तोच आकडा इथे आणला की त्यात माणसं कितीतरी जास्त मावतात.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. आलँ बर्तो आणि एडवर्ड ग्लेझर हे अर्थशास्त्राच्या वाटेने शहरांकडे पाहणारे अभ्यासक मुंबईच्या कमी एफएसआयवर वर्षानुवर्षं टीका करत आले आहेत. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईच्या बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ अशी मर्यादा घातली. मागणी वाढत असताना बांधकाम अडवलं, की जागा महाग होते आणि गरीब माणूस झोपडपट्टीत ढकलला जातो, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. मुंबईला जास्त बांधकाम हवंच आहे. पण ते कुठे, कशासाठी आणि किती रुंद रस्त्यालगत, हे प्रश्न एका आकड्याने सुटत नाहीत.

परळला जाऊन पाहा. १९९१च्या नियमात गिरण्यांची जमीन पुनर्विकासासाठी काढली तर तिचे तीन वाटे होते: पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१च्या बदलानंतर ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि शहराच्या हाती फार थोडं लागलं. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे टॉवर आले, रोज हजारो माणसं तिथे उतरू लागली, पण स्टेशनचे जिने जुन्या काळाच्या मापाचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या सकाळी पाऊस होता, इतरही कारणं होती. पण इतकं बांधकाम मंजूर करताना पुलाची रुंदी तपासणं कुणाचंच काम नव्हतं, हे मला विसरता येत नाही.

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये तर कुंपणाच्या आतच गर्दी झाली. पुनर्वसनाच्या इमारती इतक्या लगत उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथल्या पाहणीत अंधाऱ्या, कोंदट घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध आढळला. हीच माणसं झोपडीतून ‘पक्क्या’ घरात आली होती.

तेव्हा बोरिवलीच्या वाचकांना माझं उत्तर असं: ४ द्या, ५ही द्या, पण आधी रस्ता, मैदान आणि शाळा यांची जागा काढून ठेवा. ती जागा खासगी मालकीच्या जमिनीतून, जमीन विकत न घेता कशी काढायची, याची एक पद्धत, म्हणजेच नगररचना योजना, १९१५च्या मुंबई नगररचना कायद्याने आपल्याला दिली होती. गुजरातने ती जोमाने वापरली, आपण बाजूला ठेवली. पुढच्या आठवड्यात तिच्याबद्दलच.