उंबरठ्यावरचा इंटरप्ट

परभणीहून परळीकडे रेल्वेने निघालं की पोखर्णी नृसिंह स्टेशन लागतं. हिरण्यकशिपूला मारायला या देवाने घर निवडलं नाही की अंगण नाही, उंबरठा निवडला. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रोसेसर ट्रेसिंगमधल्या इंटरप्टच्या दुरुस्तीबद्दल वाचताना मला आधी पोखर्णीच आठवली. इंटरप्टही, म्हणजे प्रोसेसरचं चालू काम अडवणारी हाक, तसाच येतो: एक सूचना संपलेली, दुसरी सुरू व्हायची. त्यातला एनएमआय, म्हणजे न अडवता येणारा इंटरप्ट, तर कर्नलने सगळी दारं लावून घेतली तरी आत शिरतो.

प्रोग्रॅम कोणत्या वाटेने गेला याचा माग इंटेलचे प्रोसेसर स्वतःच मेमरीत लिहितात. जर-तरच्या प्रत्येक फाट्याला एकच बिट, वळला की नाही एवढाच. लिनक्समध्ये ही सोय 2015 पासून आहे. बफरचा ठरलेला भाग भरला की इंटरप्ट वाजतो. पण परफॉर्मन्स काउंटर भरून उलटला तरी वाजतो तोच! घंटा एक, बिऱ्हाडं दोन. एकाच ड्रायव्हरने ती आपली म्हणून धरून ठेवली तर दुसऱ्याच्या बफरकडे कुणी फिरकतच नाही. म्हणून फ्रीबीएसडीत ती दोघांना वाटून दिली. घंटा कुणाची, हे स्टेटस रजिस्टर सांगतं. तिथे 55 क्रमांकाचा बिट लागला असेल तर ट्रेसची.

पुढची खोच मला जास्त आवडते. हा इंटरप्ट एनएमआय म्हणून पोचतो, आणि पोचला की तो पाठवणाऱ्या घंटेवरच आपोआप मास्क चढतो. इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडने, म्हणजे हँडलरने, तो उतरवला नाही, तर पुढची घंटा वाजतच नाही. ना एरर, ना क्रॅश. मागात नुसतं भगदाड. शिवाय हँडलरला कुलपासाठी थांबायची सोय नाही, कारण ज्याला अडवून तो आत आला त्याच्याच हातात ते कुलूप असू शकतं. मग दोघेही जागच्या जागी. म्हणून नोंद करायची, बाकीचं काम मागाहून होणाऱ्या साध्या कामांच्या रांगेत टाकायचं आणि निघायचं.

असल्या बारीक कामाची बातमी होत नाही. 26 सप्टेंबर 2024 ला तीन परम रुद्र महासंगणकांचं लोकार्पण झालं, तेव्हा 130 कोटींचा आकडा जिकडेतिकडे छापून आला. ड्रायव्हरबद्दल कोण छापणार? त्यांतला एक महासंगणक पुण्यात, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी आहे. अशा यंत्रावर एखादा प्रोग्रॅम नेमका कुठे रेंगाळतो हे शोधायला जो बसतो, त्याची भिस्त मात्र अशाच घंटेवर असते.